प्रयोगाची मुभा : ‘दिवास्वप्न’ पुन्हा वाचताना



मागच्या व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत एका श्रोत्याने विचारलं होतं, “सर, सर्जनशीलता शिकवता येते का?” वेळ संपत आली होती. आम्ही ‘पुढच्या वेळी बोलू’ म्हणून सुटका करून घेतली. खरं सांगायचं तर वेळ हे निमित्त होतं, उत्तर जवळ नव्हतं. आजही पक्कं उत्तर घेऊन आलेलो नाही. पण त्या निमित्तानं एक जुनं पुस्तक पुन्हा काढून वाचलं, आणि आज त्या पुस्तकाविषयीच बोलायचं आहे. पुस्तक गिजुभाई बधेका यांचं, ‘दिवास्वप्न’.

आपल्यापैकी अनेकांनी ते वाचलं असेल. डी.एड.ला होता त्यांनी तर नक्कीच, निदान परीक्षेपुरतं. (हशा) हसू नका, आम्हीही पहिल्यांदा असंच कुणीतरी ‘वाचायला हवं’ म्हणाल्यामुळे वाचलं. छान वाटलं आणि कपाटात ठेवून दिलं. या पुस्तकाचं दुर्दैव हेच आहे. ते सगळ्यांना आवडतं. ज्याच्याशी कुणाचं भांडणच होत नाही अशा पुस्तकाचा हळूहळू सुविचार होतो. तेव्हा आज त्याच्याशी थोडं भांडू.

आधी माणूस. गिजुभाईंचा जन्म १८८५चा, सौराष्ट्रातला. पेशानं वकील. स्वतःला मूल झाल्यावर बालशिक्षणाचा विचार सुरू झाला, मॉन्टेसरीबाईंची पुस्तकं हाती लागली, आणि १९१६मध्ये वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले. १९२०मध्ये तिथं बालमंदिर सुरू झालं. लोक त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणजे मिशीवाली आई म्हणत. १९३९मध्ये ते गेले. म्हणजे चोपन्न वर्षांचंही आयुष्य नाही, आणि त्यातलं मुलांसाठीचं काम दोन तपांच्या आतबाहेर.

‘दिवास्वप्न’ मूळ गुजरातीतलं, काशिनाथ त्रिवेदींनी ते हिंदीत आणलं आणि पुढे अनेक भाषांत पोचलं. छोटंसंच आहे, चार भागांचं. गोष्ट कल्पित आहे. शिक्षणाविषयी बरंच वाचलेला एक गृहस्थ शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि म्हणतो, मला एक वर्ग द्या, प्रयोग करायचा आहे. साहेब अनुभवी आहेत, ते मनातल्या मनात हसतात. पण चौथीचा वर्ग देतात. अट एकच : वर्षाच्या शेवटी परीक्षा आहे, हे विसरायचं नाही. पुढे वर्षभर काय झालं ते हा मास्तर स्वतःच्या तोंडानं सांगतो.

आता पहिला दिवस बघा. आमच्या मते सगळं पुस्तक या दिवसात आहे. मास्तर रात्री बसून पक्की तयारी करून आलेला आहे. मॉन्टेसरी पद्धतीतला शांततेचा खेळ घ्यायचा असं त्यानं ठरवलंय. खोलीत अंधार करायचा, मुलांनी स्तब्ध बसायचं, बारीकसारीक आवाज ऐकायचे. पुस्तकात वाचताना किती सुंदर वाटतं! प्रत्यक्षात काय होतं? अंधार होताच कुणी तोंडानं आवाज काढतं, कुणी पाय आपटतं, कुणी कुणाला ढकलतं. शांततेच्या खेळाचा पार गोंधळ होतो. मास्तर हतबल होऊन मुलांना लवकर सोडून देतो, ती आरडाओरडा करत बाहेर पळतात आणि शाळेत बोलणी बसतात ती मास्तरला.

दुसऱ्या दिवशी तो काय करतो? ‘ही मुलं वाह्यात आहेत’ असं म्हणत नाही. ‘मॉन्टेसरी परदेशी, आपल्याकडे चालायचं नाही’ असंही म्हणत नाही. या दोन्ही पळवाटा आपल्या ओळखीच्या आहेत. तो स्वतःशी कबूल करतो की सुरुवातच चुकीच्या ठिकाणाहून झाली. ज्या मुलांना आजवर दरडावूनच गप्प बसवलंय, त्यांना शांततेची गोडी एका दिवसात कशी लागेल? मग तो गोष्ट सांगायला बसतो. राजा-राणीची साधी गोष्ट. आणि कालची तीच मुलं चिडीचूप होतात. गोष्ट रंगात आली की हा पठ्ठ्या मध्येच थांबतो आणि म्हणतो, चला, आता हजेरी घेऊ, मग पुढे. हजेरी मुकाट्यानं होते. काल जी शांतता मागून मिळाली नाही, ती आज न मागता मिळाली.

मित्रहो, सर्जनशीलता म्हणतात ती ही. आपण हा शब्द उच्चारतो तेव्हा डोळ्यांपुढे मूल येतं : रंगांचे फराटे मारणारं, मातीचे हत्ती करणारं. पण या पुस्तकात सर्वांत आधी नवं काही सुचतं ते मास्तरला. आणि सुचतं का, तर आदल्या दिवशी त्याची फजिती झाली म्हणून, आणि त्या फजितीकडे त्यानं नीट पाहिलं म्हणून. पुढची सगळी गंमत, गोष्टींतून भाषा, खेळातून व्याकरण, नाटकं, वर्गातलं वाचनालय, नखं-केस-टोप्यांची स्वच्छता, ही या एका रात्रीच्या विचारातून निघालेली आहे. ‘दिवास्वप्न’ मुलांविषयीचं पुस्तक समजलं जातं. आमचं म्हणणं असं की ते एका प्रौढ माणसाच्या शिकण्याचं पुस्तक आहे.

गोष्टीच सांगत बसणार, तर अभ्यासक्रमाचं काय, असं त्याला विचारलं जातं. तो म्हणतो, हाच अभ्यास चाललाय. हे उत्तर हुशारीचं वाटतं, पण ते तपासायला हवं. गोष्टीतून काय शिकलं जातं? ऐकण्याची सवय, शब्दसंपत्ती, घटनांचा क्रम, पुढं काय होईल याचा अंदाज बांधणं. हे खरंच आहे. पण नुसती गोष्ट सांगून भागाकार येत नाही. त्याला सराव लागतो, आणि सराव कधीकधी कंटाळवाणा असतो.

इथं आम्हाला जॉन ड्युई आठवतो. नव्या शिक्षणाचा हा मोठा पुरस्कर्ता. पण १९३८मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यानं ‘एक्सपीरियन्स अँड एज्युकेशन’ हे छोटं पुस्तक लिहिलं आणि आपल्याच अनुयायांचे कान धरले. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : जुन्या शाळेच्या उलट वागलं म्हणजे नवी शाळा झाली असं होत नाही. मुलांना मोकळं सोडलं म्हणजे ती शिकतात असं नाही. प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही, काही अनुभव पुढच्या शिकण्याचा रस्ता बंदही करतात. पहिल्या अनुभवातून दुसरा उगवेल अशी मांडणी करणं हे शिक्षकाचं काम, आणि ते जुन्या पद्धतीपेक्षा सोपं नाही, कठीण आहे.

ही फूटपट्टी लावली तर ‘दिवास्वप्न’ बऱ्यापैकी टिकतं. गोष्ट ऐकण्यातून गोष्ट वाचण्याची इच्छा, तीतून वाचनालय, वाचनातून नाटक, असा एकातून एक उगवणारा क्रम त्यात आहे. सध्या जो ‘आनंददायी’ उपक्रमांचा सुकाळ आहे, सोमवारी कागदकाम, मंगळवारी कठपुतळी, बुधवारी आणखी काही, त्यात हा क्रमच नसतो. सुट्या सुट्या गमती असतात. मूल त्या दिवशी खूश होतं आणि दुसऱ्या दिवशी होतं तिथंच असतं.

आता भांडणाकडे वळू. पुस्तकावर आमचे दोन आक्षेप आहेत.

पहिला लहान आहे. यातली मुलं बहुतेक वेळा घोळक्यानं येतात. वर्ग हसतो, वर्ग ऐकतो, वर्ग बदलतो. पण गोष्टीत न रमणारं एखादं मूल? खेळात कायम मागे राहणारं? प्रयोग ज्याच्यापर्यंत पोचलाच नाही असं एखादं? त्याच्यापाशी लेखणी पुरेशी थांबत नाही. स्वप्नात असं मूल नसतं. वर्गात असतंच, आणि बहुधा ते शेवटच्या बाकावर नसून अगदी समोर बसलेलं असतं.

दुसरा आक्षेप मोठा आहे. या मास्तरला प्रयोगाची मुभा आहे. तो आपण होऊन आलाय. एकच वर्ग, एकच वर्ष. डोक्यावर साहेबांचा हात आहे. फजिती झाली तर बोलणी बसतील, पण बदली होणार नाही. आणि शेजारच्या वर्गांतले शिक्षक? ते बहुतांशी टोमणे मारायला येतात. आम्हाला त्यांची बाजू घ्यावीशी वाटते. त्यांचं म्हणणं साधं आहे : तुमचं ठीक आहे हो, आमचं काय? हा मत्सर म्हणून सोडून देण्यासारखा प्रश्न नाही. शिक्षणातल्या सगळ्या नवनिर्मितीचा हा कळीचा प्रश्न आहे. गिजुभाईंनी तो ऐकला, पण उत्तर न देता पुढे गेले. म्हणूनच कदाचित त्यांनी नावातच कबुली दिली असावी, की हे दिवसा पाहिलेलं स्वप्न आहे.

पण गंमत बघा. या प्रश्नाचं उत्तर भावनगरच्याच एका सहकारी बाईंनी दिलं, आणि ते आपल्याकडे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दिलं. ताराबाई मोडक. १९२३मध्ये त्या भावनगरला गिजुभाईंच्या कामात आल्या. १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे त्या महाराष्ट्रात परतल्या आणि १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र उभं राहिलं. तिथंच त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. मग हे काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये.

तिथं काय झालं? मॉन्टेसरीची साधनं सुंदर, पण महाग. बोर्डीला ती परवडणार नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, दगडगोटे, पानं, गवत यांतूनच मोजणं, लावणं, जुळवणं सुरू झालं. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. हा शब्द ताराबाईंचा. मोठी मुलं गुरं राखायला जात, तर शाळा त्यांच्या मागं कुरणात गेली. ती कुरणशाळा. यातलं एकही पाऊल ‘चला, आज नवोपक्रम करू’ म्हणून टाकलेलं नाही. अडचण समोर आली, तिच्याकडे नीट पाहिलं, आणि हाताशी होतं त्यातून वाट काढली. ‘दिवास्वप्न’मधल्या पहिल्या रात्रीचंच हे रूप, फरक इतकाच की इथं साहेबांचा हात डोक्यावर असण्याची वाट कुणी पाहिली नाही, आणि एका वर्षाची मुदतही नव्हती. अनेक वर्षं चाललेलं काम आहे हे.

आणि अनुताई! लहानपणी लग्न, लगेच वैधव्य, मग जिद्दीनं शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी. बोर्डीला आल्या तेव्हा पस्तिशीच्या होत्या. बी.ए. झाल्या १९६१मध्ये, वयाची पन्नास वर्षं उलटल्यावर. पदवीमुळे त्यांचं काही अडलं असेल असं वाटत नाही. ज्या बाईनं पाड्यावरच्या मुलांकडून रोज काहीतरी शिकून घेतलं, तिला पुस्तकातलं शिकणंही थांबवावंसं वाटलं नाही, एवढाच याचा अर्थ आम्ही लावतो. ‘आजीवन शिक्षण’ हा शब्द सध्या फार ऐकू येतो. त्याचा अर्थ कुणी विचारला तर आम्ही कोसबाडकडे बोट दाखवू.

आज त्या शब्दाचा अर्थ काय झालाय? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. हेतूबद्दल तक्रार नाही. पण तास मोजता येतात म्हणून शिकणं मोजलं गेलं असं होत नाही. ध्वनिचित्रफीत सुरू ठेवून भाजी निवडली तरी तास भरतो आणि प्रमाणपत्र येतं. (हशा) ज्यांना हसू आलं, त्यांचे तास भरलेले दिसतात. गिजुभाईंच्या मास्तरला पहिल्या दिवशी जे कळलं, ते पन्नास तासांत बसत नाही. त्याला एक फसलेला तास लागतो, आणि त्यावर विचार करायला एक मोकळी रात्र.

दुसरं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात २०१०पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना अतिशय चांगली होती : नुसते गुण न देता शिक्षकानं प्रत्येक मुलाकडे पाहावं, त्याच्याविषयी आपल्या शब्दांत लिहावं. वर्णनात्मक नोंद. म्हणजे मगाशी म्हणालो तो घोळका मोडून एकेक मूल दिसावं. झालं काय? थोड्याच दिवसांत तयार नोंदींच्या पुस्तिका आणि पीडीएफ फिरू लागल्या. ‘स्वतःच्या कल्पनेने चित्र काढतो.’ ‘कवितेला स्वतःची चाल लावते.’ क्रमांक टाका आणि उतरवा. स्वतःच्या कल्पनेचं कौतुकसुद्धा दुसऱ्याच्या कागदावरून! आपण शिक्षकांना हसू नये. वर्गात पन्नास मुलं, जोडीला जनगणना आणि निवडणुकीची कामं, वर फोटो आणि माहिती आजच्या आज पाठवण्याचे निरोप. या माणसाकडून प्रत्येक मुलाविषयी ताजं वाक्य मागायचं, आणि त्याला पाहायला वेळ द्यायचा नाही, तर तो उतरवणारच. अंगणवाडीचंही तेच. १९७५च्या एकात्मिक बालविकास योजनेनं तो शब्द देशभर नेला, पण तो शब्द ज्या मोकळिकीतून जन्मला ती काही बरोबर गेली नाही. आजच्या सेविकाताईंचा केवढा वेळ रजिस्टर आणि मोबाइलमध्ये जातो ते आपण बघतो.

तेव्हा आमचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं : ज्याला चुकायची मुभा नाही त्याच्याकडून दुसऱ्याला सुचण्याची मोकळीक मिळत नाही. मुलांच्या सर्जनशीलतेचा प्रश्न शिक्षकाच्या मोकळिकीपाशी अडलेला आहे. आणि ती मोकळीक वापरण्याइतकं शिकत राहणं हे मग शिक्षकाचं काम आहे. दुसरा भाग विसरू नका. मुभा मिळाली आणि शिकणं थांबलेलं असलं तर काय होतं, त्याचं उदाहरण आमच्यापाशी आहे. ते सांगतो आणि थांबतो.

आम्ही तीस-बत्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. आम्हाला मुभा होती. वर्गात कुणी डोकावत नव्हतं. तरी आम्ही दरवर्षी त्याच वहीतून तेच टिपण सांगत होतो. वहीच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि आम्हाला त्याचा थोडा अभिमानसुद्धा होता. एका वर्षी देकार्तवर प्रश्न घातला. ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ हे विधान स्पष्ट करा. एका मुलीनं लिहिलं, आशय असा : सकाळी आपण ‘उजाडलं’ म्हणतो, संध्याकाळी ‘सांजावलं’ म्हणतो. कोण उजाडला, असं विचारत नाही. तसा विचार नुसता होत असेल. मग त्यातून ‘मी’ कुठून आला?

आम्ही त्याखाली लाल रेघ मारली. वीसपैकी सात गुण. ती भेटायला आली. म्हणाली, “सर, माझं उत्तर चुकलंय, की फक्त टिपणापेक्षा वेगळं आहे?” आम्ही म्हणालो, परीक्षेत टिपणाप्रमाणे लिहावं बाळा, नुकसान होतं. ती ‘बरं सर’ म्हणून गेली. पुढच्या परीक्षेत तिनं टिपणाप्रमाणे लिहिलं. उत्तम गुण मिळाले.

काही वर्षांनी वाचताना आम्हाला कळलं की अठराव्या शतकात लिश्टेनबर्ग नावाच्या जर्मन विचारवंतानं देकार्तवर नेमका हाच आक्षेप घेतला होता. त्याच्या भाषेत वीज चमकते तेव्हा कर्ता सांगावा लागत नाही, तसंच विचाराविषयी बोलावं, असं त्याचं म्हणणं. तत्त्वज्ञानात तो आक्षेप आजही चर्चेत आहे. आमच्या विद्यार्थिनीनं लिश्टेनबर्ग वाचलेला नव्हता. तिनं शाळेत भावकर्तृक क्रियापद शिकलेलं होतं, आणि ते तिच्या डोक्यात जिवंत होतं. बघा, व्याकरणाचा तो रटाळ म्हणून बदनाम झालेला धडा तिला उपयोगी पडला. शिस्त आणि कल्पना यांचं वैर नसतं, हे तिच्या त्या चार ओळींत होतं. आम्ही मात्र तिथं नापास झालो. त्या दिवशी आम्हाला कुणी अडवलं नव्हतं. कुठला जीआर आडवा आला नव्हता. आमचं वाचन थांबलं होतं, म्हणून नवं समोर आलं तेव्हा ते चूक दिसलं.

हे सांगितल्यानं मन हलकं होतं असं नाही. त्या मुलीचा पुढे पत्ता लागला नाही. तिनं पुन्हा असं काही लिहिलं का, हे आम्हाला ठाऊक नाही. सत्तरी ओलांडल्यावर ‘दिवास्वप्न’ वाचताना पहिल्या दिवसाच्या फजितीपाशी आम्ही थबकलो ते याच कारणानं. तो मास्तर रात्रभर विचार करत बसला. आम्ही त्या संध्याकाळी उरलेले पेपर तपासून संपवले.

श्रोत्यांत शिक्षक असतील त्यांना एक विनंती. पुस्तक पुन्हा वाचा आणि त्यातले खेळ उचलू नका. ते नव्वद वर्षांपूर्वीच्या एका चौथीसाठी होते. त्याऐवजी या महिन्यात फसलेला एक तास आठवा आणि त्यावर पानभर लिहा, कुणालाही न पाठवता. पालक असतील त्यांनी मुलाची वही उघडल्यावर लाल रेघेखालचं वाक्य एकदा सावकाश वाचावं. आणि जे अधिकारपदावर असतील, त्यांनी साहेबांची ती भूमिका आठवावी. मनात शंका होती, तरी त्यांनी वर्ग दिला.

मागच्या वेळच्या श्रोत्याला आमचं उत्तर इतकंच : सर्जनशीलता शिकवता येते की नाही, सांगता येत नाही. पण ती तपासताना खोडता येते, हे आम्ही स्वतः करून पाहिलेलं आहे.

आता प्रश्न घेऊ. आज वेळ शिल्लक आहे.